प्रेक्षक हाताबाहेर गेला, म्हणे!

तुमच्या कानावर आलं असेलच. नसेल तर माझ्याकडून ऐका, फक्त माझं नाव कुठे घेऊ नका. प्रेक्षक बिघडला. हो, तोच! चांगल्या घरातला, तिकीट काढून मुकाट बसणारा, मध्यंतरात बटाटावडा खाऊन परत आपल्याच खुर्चीवर येणारा, नाटक कितीही पडलं तरी शेवटच्या पडद्यापर्यंत तग धरून मग घरी जाऊन कुरकुरणारा. त्याचं पाऊल घसरलंय. बघायचं सोडून तो करायला लागलाय. गाणं लागलं की ऐकत नाही, नाचतो. मालिका लागली की बघत नाही, तिचा पुढचा भाग स्वतःच रचतो. बातमी आली की वाचायच्या आधी तिच्यावर बोलून मोकळा होतो. आणि हे सगळं दाराआड नाही हो! जगासमोर, मागे शोकेसमधल्या बाहुल्या आणि दोरीवरचे टॉवेल दिसत असताना.

आमच्या घरचंच आधी सांगते, म्हणजे तुम्हाला बाहेरून कळायला नको. आमच्या थोरल्या जाऊबाई. स्वतःच्या वरातीत ज्यांनी मान वर केली नव्हती, त्या गच्चीवर गुलाबी साडी नेसून कंबर हलवत होत्या. समोर नात फोन धरून उभी. "आजी, ठेक्याच्या आधी वळू नकोस गं. परत." आणि जाऊबाई परत वळल्या! पोळी जाड झाली असं सासूबाई म्हणाल्या म्हणून ज्या बाईने आठवडाभर अबोला धरला, ती नातीच्या एका शब्दावर पुन्हा पुन्हा कंबर सुधारून घेत होती. मी पाण्याच्या टाकीमागे होते. चोरून बघत नव्हते, वाळलेले कपडे काढायला गेले होते.

दोष त्यांचा नाही, गाण्याचा आहे. २०२४च्या फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने ते 'गुलाबी साडी' बाहेर काढलं आणि घरोघरच्या लेकीसुना, सासवा, मावश्या हाताबाहेर गेल्या. जरा नीट ऐका ते गाणं. त्यातली बाई काय मागते? दागिना नाही, माहेरपण नाही, फिरायला ने म्हणत नाही. ती आपल्या माणसाला सांगते, माझा फोटो काढ. म्हणजे ऐकणारीने पुढे काय करायचं त्याचा हुकूम गाण्याच्या पोटातच भरून ठेवलेला! पूर्वी गाणं बाजारात येई ते संपूर्ण होऊन येई. आपण ऐकायचं, फार तर स्वयंपाकघरात गुणगुणायचं. आता ते अर्धंच करून पाठवतात आणि उरलेलं आपल्या अंगावर टाकतात. संजूने लिहिलं, चाल बांधली, गायलं. पण ते गाजवलं त्या बायकांनी, ज्यांच्या कपाटात आहेराची एक गुलाबी साडी 'हा रंग मला शोभत नाही' म्हणून घडी मोडायची वाट बघत पडून होती. त्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं, मानधन दिलं नव्हतं, तालमीला बोलावलं नव्हतं. आपण होऊन गेल्या. म्हणून तर म्हणते, बिघडल्या.

आदल्या वर्षीचं प्रकरणही काही कमी नव्हतं. केदार शिंदे यांनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर, चित्रपट काढला, 'महाराष्ट्र शाहीर'. २८ एप्रिल २०२३ला तो लागला. शाहिरांचा चित्रपट म्हटल्यावर डफ, पोवाडा, अंगावर काटा अशा तयारीने आम्ही बसलो होतो, आणि चित्रपट यायच्या आतच अजय-अतुलचं 'बहरला हा मधुमास' मोकाट सुटलं. शाळेच्या बाई नाचतायत, दवाखान्यातल्या नर्स नाचतायत, हळदीला नवरीच्या आत्या नाचतायत, आणि सगळ्यांचे हात अगदी एकाच वळणाने! कहर म्हणजे तिकडे आफ्रिकेत टांझानियाचा किली पॉल, अंगावर मासाई वस्त्र पांघरून, बहिणीला बरोबर घेऊन, या मराठी गाण्यावर थिरकला. त्याचा आणि आपल्या मधुमासाचा संबंध काय? पत्रिका कोणी जुळवली? चित्रपटाच्या जाहिरातवाल्यांनी भिंतीभिंतीवर पोस्टर लावून जे झालं नसतं ते या बिनपगारी मंडळींनी चार-दोन आठवड्यांत करून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, छे, आमच्या वेळी असं नव्हतं. असं चारचौघांत म्हणू नका बरं. चौकशी केली तर खोट खानदानातच निघते. बालगंधर्वांच्या काळी वन्समोअरवर वन्समोअर देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवणारे ते कोण होते? रंगमंचावर नायिका विरहाने व्याकूळ झालेली, आणि हे खालून ओरडतायत, पुन्हा व्याकूळ व्हा! बिचारी पुन्हा व्हायची. आणि तमाशाच्या फडावर दौलतजादा करणारे? हवी ती लावणी पुन्हा म्हणायला लावायची आणि नोटेबरोबर आपलं नावही पुकारलं जातंय ना, याकडे कान लावून बसायचं. आता यूट्यूबवर कार्यक्रम थेट चालू असताना पैसे मोजले की तुमची ओळ रंगीत पट्ट्यात वर झळकते. सुपरचॅट म्हणतात, २०१७पासून चालू आहे. डोक्यावरचा फेटा तेवढा गेला, बाकी सगळं तेच.

बायका तर त्याहून आधीच्या बिघडलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांची कवयित्री कोण, विचारून दमाल. एकीने ओळ टाकली, दुसरीने तीत आपला भाऊ घातला, तिसरीने सासू. कॉपीराइटची नोटीस पाठवायचीच तर जात्याला पाठवावी लागेल. आणि रेडिओ? १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, पुढे फर्माईशीच्या कार्यक्रमांना ऊत आला आणि झुमरी तिलैया नावाच्या, आताच्या झारखंडातल्या, एका गावाने देशभर नाव काढलं. कशावर? पोस्टकार्डांवर! अमुक गाणं लावा, खाली सह्या. गाणं ऐकण्यात त्यांना रस होताच, पण खरी गोडी आपलं नाव निवेदकाच्या तोंडून ऐकण्यात. इकडे आपल्या आकाशवाणीच्या 'आपली आवड'लाही तीच तऱ्हा. गाण्याआधी नावांची यादी वाचायला लागत, तेव्हा घरात कोणी भांडं आपटलं तर खपायचं नाही.

तेव्हा हौस जुनीच आहे. फक्त तेव्हा ती रात्र संपली की संपायची. वन्समोअर देणारा सकाळी कचेरीत जाऊन फायली उपसायचा, त्याच्या आरोळीचं चित्रीकरण नव्हतं. आता सगळं राहतं, फिरतं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला चढतं. ही चढण्याची गोष्ट फार वाईट.

पहिल्यांदा ती माझ्या लक्षात आली ती जान्हवीच्या बाळंतपणात. विसरलात? झी मराठीवरची 'होणार सून मी ह्या घरची', २०१३ साली सुरू झालेली. एका घरात सहा सासवा आणि सून एकटी, त्यामुळे सहानुभूती पहिल्या भागापासूनच ओतू चाललेली. तिला दिवस गेले. गेले ते गेलेच! नववा महिना उलटला, पंचांग बदललं, शेजारणीच्या सुनेचं बारसं झालं, पण जान्हवी आपली अवघडलेलीच. आणि मग व्हॉट्सॲपवर विनोदांचा असा पाऊस पडला, की ज्यांनी मालिकेचा एक भाग कधी पाहिला नव्हता अशा बँकेतल्या गृहस्थांनाही जान्हवीचे किती दिवस भरले ते पाठ. हत्तिणीशी तुलना झाली, डॉक्टरच्या पदवीवर शंका घेतल्या गेल्या, बाळ थेट दहावीचा अर्ज भरूनच येणार असं भाकीतही कोणी केलं. लेखक तिकडे बाळंतपण लांबवत होते आणि इकडे अख्खा महाराष्ट्र सुईण होऊन दारात उभा होता.

मी त्या मालिकेची चाहती, तरी खरं सांगते, विनोद मालिकेपेक्षा सरस होते. आणि वाहिनीचं काय बिघडलं? विनोद कळायला मालिका बघणं आलंच. लोक रडायला बसायचे ते हसायला बसू लागले, एवढाच फरक. टीव्ही दोन्ही वेळा चालूच. त्या दिवसांत एकाच नावाच्या दोन मालिका चालू होत्या असं माझं मत आहे. एक रात्री टीव्हीवर, पगारी लेखकांची. दुसरी दिवसभर फोनवर, बिनपगारी लेखकांची, आणि हिच्यात जाहिरातीही नव्हत्या.

एक गोष्ट मात्र मला खपत नाही, ती इथेच सांगून टाकते. निळू फुल्यांना गावोगावच्या बायका बोटं मोडून शिव्या घालायच्या, ती त्यांच्या अभिनयाची पावती समजली जाई. पण ती शिवी वाटेत विरायची. आता मालिकेत सवतीचं काम करणाऱ्या मुलीला थेट तिच्या खात्यावर जाऊन, तिच्या आईवडिलांच्या फोटोखाली घाण लिहितात. भाग संपला, ती तोंड पुसून घरी गेली, तरी यांचा सहभाग चालूच. या लोकांना प्रेक्षक म्हणायचं झालं तर मग दगड मारणाऱ्यालाही श्रोता म्हणा. असो. आपण खमंग बोलायला बसलोय.

तर सोनू. २०१७चा जुलै. 'तुझा माझ्यावर भरवसा नाही का' असं एका मुलीला विचारणारं ते गाणं आठवतंय ना? एकाने विचारायचं, बाकीच्यांनी गोल करून डोलायचं, शेवटी तिने उत्तर द्यायचं. बस्स, संपलं गाणं. संगीतकाराला त्यात काही कमवायला नाही, गायकाला काही दाखवायला नाही. पण त्याची खुबी उखाण्यासारखी होती: चाल ठरलेली, यमक ठरलेलं, आणि मधे एक जागा रिकामी. तिथे आपलं माणूस घाला. बिनचूक सजवलेलं गाणं लोक ऐकतात आणि 'वा' म्हणून सोडून देतात. भोक असलेल्या गाण्यात मात्र बोट घातल्याशिवाय कोणाला राहवत नाही. ज्याला ज्याचा संशय होता त्याने त्याचं नाव तिथे बसवलं. वर्गातल्या पोरांनी परीक्षकाचं, कारकुनांनी साहेबाचं, नवऱ्यांनी बायकोचं, बायकांनी नवऱ्याचं.

आणि रेड एफएमच्या आरजे मलिष्काने मुंबई महापालिकेचं! खड्डे, तुंबलेलं पाणी, खोळंबलेल्या गाड्या, सगळं त्या चालीत घालून मुंबईलाच विचारलं, की बाई, तुझा पालिकेवर भरवसा आहे का. आता खड्ड्यांवर दरवर्षी अग्रलेख येतात, पावसाळा आला की कवितासुद्धा येतात, पालिकेच्या अंगावरचा केस हलत नाही. पण हे गाणं झोंबलं. इतकं झोंबलं, की पालिकेच्या माणसांनी मलिष्काच्या आईच्या घरी जाऊन तपासणी केली आणि त्यांना तिथे डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या! नोटीस गेली. योगायोग हो, दुसरं काय. शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. खड्डा एक असो की हजार, त्याची किंमत कोणी कधी काढली नव्हती. त्याच्यावरच्या गाण्याची लगेच काढली. आणि ती गप्प बसली का? पुढच्या पावसाळ्यात 'सैराट'च्या 'झिंगाट'ची चाल घेऊन पुन्हा खड्ड्यांत उतरली. 'झिंगाट' म्हणजे तेच, ज्याच्यावर २०१६ साली थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होते आणि डोअरकीपर बॅटरी घेऊन हताश उभा होता. पाहिलंत ना, कोणाची चाल कोणाच्या घरी नांदते ते! अजय-अतुलनी ती एका गावातल्या प्रेमप्रकरणासाठी बांधली, आणि तिने पुढे मुंबईच्या रस्त्यांशी संसार केला.

रस्ते सुधारले का, असं मला विचारू नका. मी गाण्यांबद्दल बोलतेय.

मग २९ जून २०२० उजाडला आणि सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉक गेलं. कोण रडारड! लहान गावांतली पोरं, ज्यांना ना शहरात कोणी विचारत होतं ना टीव्हीवर, त्यांचा एका रात्रीत फड मोडला. आणि इन्स्टाग्रामने काय करावं? ८ जुलैला आपल्याकडे रील आणलं! दहावं उरकायच्या आत दुसरं लग्न! सप्टेंबरात यूट्यूबनेही शॉर्ट्सचा मांडव घातला. आमच्याकडे पूर्वी निदान वर्षभर तरी थांबायची रीत होती.

विद्वानांना या सगळ्याचा सुगावा फार आधी लागला होता म्हणे. न्यूयॉर्कचे जे रोझेन म्हणून पत्रकारितेचे प्राध्यापक, त्यांनी २००६ सालीच प्रेक्षकांचा उल्लेख 'पूर्वी प्रेक्षक म्हणून ओळखले जाणारे लोक' असा केला. वाचून मला पोलीस ठाण्यातला फलकच आठवला, अमुक तमुक उर्फ प्रेक्षक, उंची मध्यम, हातात मोबाइल. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने वर्षाची मानकरी व्यक्ती म्हणून 'तुम्ही'ची निवड केली, म्हणजे जगातले सगळे 'तुम्ही', आणि मुखपृष्ठावर आरशासारखा चकाकता कागद लावला. अंक विकत घ्या आणि स्वतःचंच तोंड बघा! आमच्या इथल्या पेपरवाल्याला हा प्रकार कळता तर त्याने त्यात केसही विंचरले असते.

पण त्याच २००६ साली जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने या उत्साहावर पाणी ओतलं. त्याचं म्हणणं, इंटरनेटवरच्या कुठल्याही मेळाव्यात शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ जण कधीमधी तोंड उघडतात, आणि खरा गोंधळ एकटा घालतो. आता यासाठी तज्ज्ञ कशाला हवा? कोणताही कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. सगळी सुप्रभातं एका काकांची, आठ-नऊ जणांचे जोडलेले हात, अंगठे-बिंगठे, आणि बाकीचे निळ्या खुणा करून पसार. मी स्वतः त्या नव्वदांतली. मला वाटायचं, आपण बाई सुरक्षित, आपण नुसतं बघतो.

इथेच तर खरी लबाडी आहे! नुसतं बघणाऱ्यालाही आता नुसतं बघू देत नाहीत. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी उघड सांगितलंय, की कोणता व्हिडिओ कोणाला दाखवायचा हे ठरवताना लोक तो किती वेळ बघतात, किती जण आवडल्याची खूण करतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात, याला महत्त्व असतं. म्हणजे मी काही न बोलता, काही न लिहिता, शेजारच्या सोसायटीतल्या बाईंच्या नाचावर नाक मुरडायला चार क्षण जास्त थांबले, की तो झाला माझा कौल. फोनला नाक दिसत नाही, थांबलेला अंगठा तेवढा दिसतो. आणि मग तसलेच आणखी पन्नास नाच माझ्या पुढ्यात येऊन पडतात, आणि माझ्यासारख्या आणखी पन्नास नाक मुरडणाऱ्यांच्याही. जाऊबाई नाचून त्या गाण्याचं काम करतात. मी नावं ठेवून तेच काम करते. नाटकाला नाक मुरडून घरी बसलं तर एक खुर्ची तरी रिकामी राहायची. इथे नाक मुरडणंही खपात जमा.

आणि या सगळ्या कामाचं मिळतं काय? म्हणजे काम कोणी करून घेत नाही हो, हौसेने करतो, पण आकडा बघायला काय हरकत आहे. यूट्यूबवर पुरेशी गर्दी जमवली, हजार सदस्य आणि वर्षाला चार हजार तासांचं बघणं भरलं, की जाहिरातीच्या उत्पन्नातले शंभरातले ५५ व्हिडिओवाल्याला मिळू शकतात. शॉर्ट्ससाठी अट वेगळी आणि वाटा ४५चा. जाऊबाईंचे सदस्य मोजायला घेतले तर निम्मे माहेरचे आणि उरलेले भिशीतले. हजारापर्यंत जायला अजून दोन-तीन पिढ्यांची सोयरीक जमवावी लागेल. इन्स्टाग्रामवर नाचल्याचं तर सामान्य बाईच्या हातात काहीच पडत नाही. साडी तिची, गच्ची तिची, गुडघा तिचा, आणि मधे लागलेल्या जाहिरातीचे पैसे कंपनीचे. पूर्वी याला वेठ म्हणत. फरक एवढाच, की वेठीला धरलेला माणूस काम संपल्यावर 'किती जणांनी बघितलं?' असं विचारत नसे.

तरी मी म्हणेन, सगळीच हौस नाचाची नसते. १ मे २००३ला, म्हणजे नेमकं महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे कोणी रात्री अकराला बसून किल्ल्यांची माहिती लिहितं, कोणी नद्यांच्या उपनद्या दुरुस्त करतं, आणि खाली नावसुद्धा ठळक येत नाही. अशा माणसांबद्दल कुजबुजायला काही सापडत नाही, म्हणून त्यांचा विषय मी इथेच सोडते.

कारण खरी कुजबुज अजून बाकी आहे. 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व. २८ जुलै २०२४ला सुरू झालं, सूत्रं रितेश देशमुखांकडे, शनिवार-रविवारी 'भाऊचा धक्का'. घरात काय झालं ते सोडा. बाहेर काय झालं ते ऐका. घरात एक अभिजीत सावंत. हा कोण? २००५ साली पहिल्या 'इंडियन आयडल'चा विजेता, आपल्या मुंबईचा. तेव्हा लोकांनी एसएमएस करकरून, प्रत्येक एसएमएसला पैसे मोजून त्याला जिंकवलं होतं. प्रेक्षकाने निकाल हातात घेतल्याची ती आपल्याकडची पहिली मोठी भानगड. त्या वेळी अंगठ्याने कळा दाबून दाबून आमच्या धाकट्या दिरांचं बोट सुजलं होतं, आणि बिल आल्यावर मामंजींचा चेहरा. आणि त्याच घरात दुसरा सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. आईबाप लहानपणीच गेलेले, शाळा अर्ध्यात सुटलेली. टिकटॉकवर नाव झालं, बंदीत ते गेलं, मग रीलवर पुन्हा उभा राहिला. 'गुलीगत' काय, 'झापुक झुपूक' काय, 'बुक्कीत टेंगूळ' काय! पहिल्या आठवड्यात शहरातल्या शहाण्यांनी विचारलं, हा तिथे कशाला?

६ ऑक्टोबरला निकाल लागला. सूरज पहिला, अभिजीत दुसरा. एसएमएसच्या युगाचा लाडका रीलच्या युगाच्या लाडक्याकडून हरला! एकोणीस वर्षांत प्रेक्षकाची आवड बदलली असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं सहानुभूतीची मतं. मला विचाराल तर अभिजीतला लोकांनी गाताना ऐकून निवडलं होतं, आणि सूरजला त्यांनी ऐकून नाही, बोलून निवडलं. त्याचे शब्द आधीच लोकांच्या तोंडात बसले होते. रिक्षावाला म्हणतोय, दुधवाला म्हणतोय, बालवाडीतली पोरं म्हणतायत, घरात कोणाला शिंक आली तरी 'झापुक झुपूक'. जो शब्द माणसाने शंभरदा स्वतः उच्चारला, त्याला तो परका कसा म्हणेल? मत देताना लोक त्याला नव्हे, स्वतःच्याच गमतीला जिंकवत होते.

त्याच मंचावर केदार शिंदे यांनी, तेव्हा ते 'बिग बॉस' दाखवणाऱ्या वाहिनीचे कार्यक्रमप्रमुखही होते, सूरजला नायक घेऊन चित्रपट काढायचं जाहीर केलं. नावसुद्धा लोकांनी आधीच तोंडपाठ केलेलं, 'झापुक झुपूक'. मधुमासाने शिकवलं होतंच की गाणं प्रेक्षक पुढे नेतो. इथे तर नायकच प्रेक्षकांनी आयता घडवून दिलेला. २५ एप्रिल २०२५ला चित्रपट लागला. ज्यांनी रात्र रात्र जागून मतं दिली होती, ज्यांनी त्याच्या विजयावर गल्लीत फटाके वाजवले होते, त्यांच्यासाठी दारं सताड उघडली. आणि तिकीटबारीवर मतांइतकी गर्दी काही झाली नाही.

मी आमच्या धाकट्या दिरांना विचारलं. त्यांनी सूरजला रोज न चुकता मत दिलं होतं, माझ्याही फोनवरून, मला न सांगता. ते म्हणाले, "वहिनी, मत द्यायला पैसे पडत नव्हते. आणि दोन तास अंधारात बसून नुसतं बघायचं? मधे आपल्याला काही करायला नाही?"